पेंढीच्या पोटात हात

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिने माझ्यावर एकच काम सोपवलं. दोन गिनीपिग सांभाळायच्या. एक मोठी, एक धाकटी. त्यांना मुलीने ठेवलेली खरी नावं आहेत, पण ती परदेशी राजकन्यांची आहेत आणि आमच्या इथल्या मंगळवार पेठेत गॅलरीत उभं राहून मला ती मोठ्याने घेता येत नाहीत. म्हणून मी मोठी आणि धाकटीच म्हणतो. याचंही मला थोडं वाईट वाटतं.

जाताना ती म्हणाली, "पप्पा, बाकी काही विसरलात तरी चालेल. गवत विसरू नका."

गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दिवसभर गवत चघळलं तरच ते झिजतात. पोटाचंही तसंच. आत सतत गवत जात राहिलं तर पोट चालतं, नाहीतर थांबतं, आणि थांबलेलं पोट पुन्हा चालू करणं कठीण असतं. कोथिंबीर, ढोबळी मिरची, काकडी हे सगळं तोंडी लावणं; जेवण म्हणजे गवत. आणि ते कसं ओळखायचं तेही तिने मला पाकीट उघडून दाखवलं होतं. रंग हिरवा पाहिजे, काडी लांब पाहिजे, काडीला पान पाहिजे, झटकल्यावर धूळ उडता कामा नये, वास नव्या चहापत्तीसारखा गोडसर पाहिजे, टोचणारं काही नको. हे सगळं मला माहीत होतं. ते इथे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं कोणाला वाटायला नको.

ते गवत परदेशातून येत असे. कुरिअरवाला फुगलेलं पाकीट आणून देई. त्यावर हिरव्यागार माळाचा फोटो. मी शाळेत भूगोल शिकवतो. समशीतोष्ण गवताळ प्रदेश आठवीला दरवर्षी शिकवतो, पण त्या प्रदेशाची आणि माझी अशी घरपोच गाठ पडेल असं वाटलं नव्हतं.

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल. आमचं गाव मलकापूरच्या वर, डोंगराला लागून. आम्ही दोघे भाऊ. शिक्षण मला मिळालं, म्हशी त्याला मिळाल्या. असं कोणी बसून ठरवलं नव्हतं. मला गणित बरं जमत होतं आणि त्याला धार काढता येत होती, एवढ्यावर ते झालं. याबद्दल दादाने आजवर एका शब्दाने तक्रार केलेली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं. तो येताना तांदूळ आणतो, नाचणी आणतो, म्हैस व्यायली की खरवसाचा डबा आणतो, आणि तो जे आणतो ते आमच्या घरात कधी परत गेलेलं नाही. एकदा त्याने माझ्यासाठी बाजारातून एक शर्ट आणला. तो मला दोन्ही खांद्यांत होत नव्हता. मी तो बरीच वर्षं घातला.

दिवाळीनंतर दादा आला तेव्हा पिंजऱ्याशेजारी पाकीट पडलेलं होतं.

"हे काय हाय?"

"गवत."

"पाकिटात?"

"परदेशातनं येतं दादा."

त्याने पाकिटात हात घातला, मूठभर गवत काढलं, नाकाला लावलं, मग एक काडी दातात धरून चावली. आमच्याकडे वैरण अशीच बघतात. वडीलही अशीच बघायचे, आणि चावून झाल्यावर बराच वेळ काही बोलायचे नाहीत, म्हणजे विकणारा घाबरायचा.

"गवात बरं हाय," दादा शेवटी म्हणाला. "पर मास्तर, आपलं घरचं गवात म्हसरं खाऊन उरतंय. गंजी तशीच हाय. आणि तू उंदरांस्नी इमानातनं वैरण आणतोयस व्हय?"

"उंदीर नाहीत. गिनीपिग."

दादा वाकून बराच वेळ बघत राहिला. मोठी त्याच्याकडे बघत वर्तमानपत्र खात होती.

"ह्यास्नी जनावर म्हणायचं म्हंजे," तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

पुढच्याच आठवड्यात तो एसटीने पेंढी घेऊन आला. कंडक्टरशी भांडून त्याने ती सीटवर स्वतःशेजारी ठेवली होती. पेंढी बघण्यासारखी होती. लांब, सरळ, सोन्याच्या रंगाची, वाळून खणखणीत झालेली. आमच्या भागात याला चांगलं गवत म्हणतात. दसऱ्यानंतर बी पिकलं, माळ पिवळा पडला की कापायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि गंजी रचायची. वर्षभर कुजत नाही. म्हशीचं पोट भरतं. त्यात कुसळी गवत असतंच. त्याच्या बियांना सुईसारखं टोक असतं. धोतराला, सॉक्सला, शेळीच्या केसांना लागलं की आत आत शिरतं. पण पेंढी जमिनीवर दोनदा आपटली की बरीचशी कुसळं झडतात आणि उरलेल्यांचं म्हशीला काही वाटत नाही. निदान म्हशीने तसं कधी दाखवलेलं नाही.

दादा गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तिनं सांगितलंय तेच घालायचं ना?"

"दादाने आणलंय."

"मी कुठं काय म्हटलं? भावजींनी म्हशीसाठी आणलं असतं तर मी पहिली पेंढी सोडली असती."

"गवत ते गवतच."

"मग ते पाकीट कशाला मागवता?"

मी पेंढी गॅलरीत दोनदा आपटली, खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, आणि मग मी ते गवत पिंजऱ्यात घातलं. पाकीट कपाटावर ठेवून दिलं. दादा पुन्हा आला तर ते समोर दिसू नये, एवढाच विचार होता.

मोठीने गवत खाल्लं. पण मोठी पुठ्ठाही खाते, तिच्या आवडीला फारसा अर्थ नाही. धाकटीने हुंगलं, दोन-तीन बारीक पानं ओढून काढली आणि बाकीचं तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी गावाला फोन केला.

"दादा, धाकटी नीट खात नाही."

"नवी वैरण हाय. तोंड बसाय येळ लागतोय. गूळपाणी मार की जरा."

आमच्याकडे ही पद्धत आहे. उन्हाळ्यात भाताचा पिंजर शिळा झाला, म्हैस तोंड लावेना, की गुळाच्या पाण्यात मीठ टाकून वरून शिंपडायचं. म्हैस मग चाटत चाटत सगळं संपवते. तसं आमच्या जिल्ह्यात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय गूळच असतो. पाहुणा उन्हातून आला तर गूळपाणी, बाळंतिणीला गूळ, दमलेल्या बैलाला गूळ. गुळाने भागलं नाही तरच डॉक्टर. मी चांगला पिवळा गूळ किसून कोमट पाण्यात विरघळवला आणि हाताने गवतावर शिंपडला.

दोघी तुटून पडल्या. शिट्या मारत, एकमेकींना ढकलत. मी मोबाईलवर चित्रीकरण करून मुलीला पाठवलं. फक्त दोघींची तोंडं दिसतील इतक्या जवळून घेतलं, गवत फारसं दिसू दिलं नाही. तिचं उत्तर आलं, "वा पप्पा. कसल्या खातायत." मी शाळेत जाताना त्या दिवशी चालत गेलो. इतकं बरं वाटत होतं.

त्या गवत खात नव्हत्या, गूळ चाटत होत्या. हे मला दिसत होतं. चाटून झालेल्या काड्या कोपऱ्यात तशाच पडत होत्या. मी त्या उचलून टाकत होतो आणि नवीन शिंपडत होतो. मुंग्या झाल्या. बायकोने पिंजऱ्याचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि म्हणाली, "आता फक्त साखरपाणी आणि आरती राहिली."

कोथिंबिरीच्या जुडीचा आवाज आला की दोघी शिट्या मारतात. मग एका सकाळी मी जुडी सोडली आणि एकच शिटी आली. मोठीची. धाकटी कोपऱ्यात पाठ वर काढून बसली होती. अंगावरचे केस पिंजारलेले. डोळे अर्धे मिटलेले. तिच्या नाकाशी कोथिंबीर धरली तर तिने मान वळवली. खाली बघितलं तर तिच्या बाजूला लेंड्या जवळजवळ नव्हत्याच.

मी तिला टोपलीत टॉवेल घालून ठेवलं आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

"पावणं, टोपलीत काय हाय? हालतंय की."

"गिनीपिग. आजारी आहे."

"ससा?"

"सशासारखंच."

"मग सांगा की तसं. माझ्या मेव्हण्याकडं लई ससं हायेत. कायबी खात्यात." थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"गूळ."

त्यानंतर तो खड्डे चुकवून चालवू लागला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. कुत्र्यामांजरांच्या रांगेतून त्यांनी आम्हाला आधी आत घेतलं. धाकटीला तराजूत ठेवलं, पोट दाबून बघितलं, कानाला नळी लावून ऐकलं. मग तोंड उघडून आत दिवा धरला.

"गवत कुठलं घालता?"

"गावचं," मी म्हणालो. मला अजूनही वाटतं की तो शब्द मी थोडा अभिमानाने उच्चारला.

त्यांनी चिमट्याने तिच्या खालच्या हिरडीतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कुसळ होतं. टोक लाल झालेलं.

"हे टोचतंय म्हणून ती चावत नव्हती. आणि पोटात गॅस धरलाय. गोड काही दिलंत?"

"गुळाचं पाणी शिंपडलं होतं."

"कशावर?"

"गवतावर. खावं म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, ती खात नव्हती हे ती तुम्हाला सांगत होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते सांगणं बंद केलंत." मग त्यांनी वेदनेचं औषध दिलं, भिजवलेल्या खाद्याची पातळ पेज सिरिंजने कशी भरवायची ते दाखवलं, आणि म्हणाल्या, "उद्यापर्यंत लेंड्या सुरू व्हायला हव्यात. नाही झाल्या तर अवघड आहे. आणि तोंड बरं झालं की ताबडतोब चांगलं गवत. औषधाने फक्त वेळ मिळतो. वाचवणार गवतच."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. पेंढी, कुसळ, गूळ, आणि जवळून घेतलेलं चित्रीकरण.

"पप्पा, पाकीट संपलं होतं का?"

"नाही. कपाटावर आहे."

"मग?"

"दादाने आणलं होतं."

मग ती म्हणाली, "म्हणजे काकांना वाईट वाटू नये म्हणून ती उपाशी राहिली."

मी म्हणालो, हो.

"मी रविवारी येते. माझ्या खोलीवर ठेवायला देतायत का विचारते. दिलं तर दोघींना घेऊन जाईन."

मी शाळेतून रजा घेतली. अर्जात कारण 'घरगुती' असं लिहिलं. गिनीपिग घरातच राहतात, त्यामुळे ते खोटं नव्हतं. मांडीवर टॉवेल पसरून मी धाकटीला पेज भरवत बसलो. ती अर्धी गिळायची, अर्धी माझ्या बनियनवर. मध्येच दात खात राहायची. ते दुखण्याचं लक्षण आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिची माफी मागितली का, असं बायकोने नंतर विचारलं. मागितली होती. खऱ्या नावाने हाक मारून मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको पिंजऱ्याजवळून म्हणाली, "झाली."

"काय?"

"लेंडी. या, बघा. छोटीशी आहे, पण झाली."

आम्ही दोघे वाकून ती बघत राहिलो. बाहेरून कोणी आलं असतं तर आम्हाला काय म्हणालं असतं, माहीत नाही.

संध्याकाळी धाकटीने पाकिटातलं गवत तोंडात धरलं. खाल्लं नाही, नुसतं धरलं. रविवारी मुलगी आली तोवर ती बारीक पानं चावू लागली होती. मुलीने बॅगही खाली न ठेवता तिला उचलून घेतलं, तोंडात बघितलं, पोट बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. जेवणं झाल्यावर म्हणाली, "खोलीवर देतायत ठेवायला. पण आत्ता प्रवास नको तिला. राहू दे इथे." मग पाकीट हातात घेऊन माझ्यासमोर बसली. "पण पप्पा, आता घरात गवत येईल ते तुम्ही आधी बघायचं. तुम्ही. गवताकडे बघायचं, आणणाऱ्याच्या तोंडाकडे नाही. परत असं झालं तर मी त्यांना नेणार."

ती गेल्यावर मी दादाला फोन केला. आडवळणाने सांगायचं ठरवलं होतं, पण पावसापाण्याचं बोलून झालं आणि हिवाळ्यात पावसापाण्याचं बोलण्यासारखं फारसं नसतं.

"दादा, तू दिलेल्या गवतातलं कुसळ तिच्या हिरडीत गेलं. गुळाने पोट धरलं. मरता मरता वाचली."

"बरं," दादा म्हणाला.

मागे म्हैस ओरडल्याचा आवाज आला. "धार काढायची हाय," तो म्हणाला, आणि ठेवला.

त्यानंतर दादा आला नाही. संक्रांत झाली तरी आला नाही. तांदूळ आला नाही, नाचणी आली नाही. पिंजऱ्यात पाकिटातलं गवत होतं, धाकटी खात होती, शिटी मारत होती, सगळं नीट होतं, आणि मी रोज सकाळी ते घालताना कोणाची तरी चोरी केल्यासारखा घालत होतो.

मग एका रविवारी दारात दादा. काखेत लहानशी पेंढी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. पाणीसुद्धा न घेता त्याने ती हॉलमध्ये फरशीवर ठेवली आणि लुगडं सोडलं.

हिरवं गवत होतं. हिरवं आणि वाळवलेलं. बारीक काडी, भरपूर पान.

"मारवेल हाय," दादा म्हणाला. "उसाच्या बांधावरचं. फुलावर आलतं, तवाच कापलं. माळाचं न्हाय. एक कुसळ काडून दाखव."

मी खाली बसलो. मूठभर घेऊन झटकलं, धूळ नव्हती. कुसळ नव्हतं. वरच्या काड्यांना वास चांगला होता. दादा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पेंढीच्या पोटात हात घातला.

आत गरम होतं. उन्हात ठेवल्यासारखं नाही, तापलेल्या माणसाच्या काखेत असतं तसं. हात बाहेर काढून हुंगला. ओल्या पोत्याचा वास. पूर्ण वाळायच्या आधी बांधलं होतं. वरून वाळलं होतं, आत पाणी होतं. असं गवत आतल्या आत तापतं आणि त्याला बुरशी धरते. हे कळायला परदेशी पाकीट लागत नाही. आमच्या लहानपणी शेजाऱ्याची आख्खी गंजी अशीच आतून काळी पडली होती आणि ती बघायला वडील आम्हा दोघांनाही घेऊन गेले होते.

"दादा, हे नको."

बोललो. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली.

दादाने पेंढीत हात घातला. बराच वेळ आत ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. वडील काडी चावून झाल्यावर असाच चेहरा करायचे.

"बरं," तो म्हणाला.

त्याने लुगडं पुन्हा गुंडाळलं, गाठ मारली. चहा घेतला. मुलीचं कसं चाललंय विचारलं. जेवायला थांब म्हटलं तर म्हणाला, "म्हसरं हायेत." मी स्टँडपर्यंत बरोबर गेलो. पेंढी मी घेतो म्हटलं, त्याने दिली नाही. गाडी सुटताना तो खिडकीशी बसला होता, पेंढी मांडीवर, आणि समोर बघत होता.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "आज जेवण जाईल का तुम्हाला?"

"नाही."

"मग भाकऱ्या कमी टाकते."

मला वाटत होतं की आता तो येणार नाही. खांद्यात न होणारा शर्ट वर्षानुवर्षं घालणारा मी, आणि त्याने बांधावर बसून विळ्याने निवडून कापलेलं गवत मी एका वाक्यात परत पाठवलं. ते चूक नव्हतं, हे मला कळत होतं. चूक नसताना इतकं वाईट वाटू शकतं याची मला सवय नव्हती. माझं वाईट वाटणं साधारणपणे एखाद्या चुकीच्या आधाराने उभं असतं.

दादा आला. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. दारातच उभा राहिला, चपलाही काढल्या नाहीत. तेच लुगडं.

"आदी हात घाल," तो म्हणाला.

"आत तरी ये."

"हात घाल मास्तर. न्हाईतर हितनंच जातो."

मी उंबऱ्यात उभा राहून पेंढीत हात घातला. शेवटपर्यंत. आत थंड होतं, कोरडं, सुरसुरीत. काडी मोडली तर कट आवाज आला. वास चहापत्तीचा.

"औषध?" मी विचारलं. तो आलाच तर म्हणून हा प्रश्न विचारायचा मी आठवडाभर सराव केला होता. उसाच्या बांधावर तणनाशक मारतात. मागच्या वेळी मला तो विचारायचाच राहिला होता.

दादाने माझ्याकडे बघितलं. राग आला असावा. मग म्हणाला, "हिरीकडचं हाय. थितं कोण मारतंय औषध? बांधावरचं न्हाय आणलं. शेजाऱ्यानं मारलंय बांधाला, परवाच कळलं."

म्हणजे मागचं गवत थंड असतं, तर ते मी घातलं असतं. मी दारातून बाजूला झालो. चपला काढून तो आत आला.

चहा होईपर्यंत त्याने सांगितलं. गोठ्याच्या माळ्यावर सावलीत पसरलं होतं, उन्हात रंग जातो म्हणून. रोज उलटंसुलटं केलं. "तुझी वहिनी म्हणती, म्हसरांसाटनं एवढं कवा केलं न्हाईसा. गावात इचारत्यात, कुणाचं हाय रं हे हिरवं? मी म्हणतो, मास्तरच्या घरच्या पावण्यांचं हाय. त्यांस्नी पिवळं चालत न्हाय."

मी पिंजऱ्याचं दार उघडून एक मूठ आत ठेवली. दादा उकिडवा बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. मोठी आली आणि खायला लागली. तिचा विषयच नव्हता. धाकटी कोपऱ्यात होती. पुढे आली, थांबली, हुंगलं. मग दोन पावलं मागे गेली.

दादा हलला नाही. मी मात्र उठून खिडकी लावली, विनाकारण, आणि परत उघडली.

धाकटी पुन्हा पुढे आली. एक लांब काडी शेंड्याकडून तोंडात धरली आणि पेन्सिल शार्पनरमध्ये जावी तशी ती काडी आत जाऊ लागली. एकसारखी, न थांबता. करकर आवाज ऐकू येत होता. ती संपली. दुसरी धरली.

"खातंय की," दादा हळूच म्हणाला.

तिने बराच वेळ खाल्लं. मग पोट भरल्यावर उरलेल्या गवताच्या मधोमध चढून बसली, अंग सैल केलं आणि त्याच गवतावर मुतली.

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, जणू मीच केलं होतं. "दादा, त्या असंच करतात," मी म्हणालो. "पाकिटातल्यावरही करतात."

"त्यात काय," दादा म्हणाला. "जनावरच हाय की."

मग उठला, गुडघे झटकले आणि कपाटाकडे बघत म्हणाला, "ते पाकिटातलं संपलं काय?"

"आहे थोडं."

"ऱ्हाऊ दे. मागवत जा. पाऊसकाळात माझं वाळायचं न्हाय."

आत तव्याचा आवाज येत होता. बायकोने कोणालाही न विचारता दोन भाकऱ्या जास्त टाकल्या होत्या.